बातमी कुठल्या भाषेत सांगणार?

"मॅडम, माझी पदवी शेतीची. इंग्रजी बेताचं. परदेशातली डिग्री नसेल तर टीव्हीवाले मला दारात तरी उभं करतील का?"

प्रसारण पत्रकारितेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हणून जी मुलं आमच्याकडे सल्ला मागायला येतात, त्यातल्या बहुतेकांच्या मनात ही भीती असते. हे विचारणारी मुलगी जुन्नर भागातली, २२ वर्षांची. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत. बी.एस्सी. कृषी झालेली, वडील टोमॅटो आणि कांदा करणारे, आई अंगणवाडी सेविका. हातात ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र होतं, एका वर्षाच्या एम.ए.चं. अनामत भरायला १२ दिवस उरले होते. शुल्क, राहणं, विमान, व्हिसा सगळं धरून खर्च ४० लाखांच्या घरात जात होता. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटने तिच्याकडून एक रुपयाही घेतला नव्हता, म्हणून घरच्यांचा त्याच्यावर फार विश्वास बसला होता. अशा एजंटांना मोबदला विद्यापीठाकडून मिळतो, विद्यार्थी दाखल झाला की. त्यात बेकायदा काही नाही, पण "थांब, एक वर्ष विचार कर" हा सल्ला त्याच्याकडून येणं अवघड, एवढं लक्षात ठेवावं.

पहिल्या बैठकीत आम्ही ते पत्र बाजूला ठेवलं आणि एकच विचारलं: तू बातमी कुठल्या भाषेत सांगणार आहेस?

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "मराठीतच की. आमच्याकडच्या बाजारभावाच्या, पाण्याच्या, बिबट्याच्या बातम्या बाहेरून आलेली माणसं सांगतात आणि चुकीच्या सांगतात."

प्रसारण पत्रकारितेचा अभ्यासक्रम निवडताना हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. कॅमेरा, संकलन, माध्यमांचा कायदा हे कुठेही शिकता येतं. पण वाक्य किती लांब ठेवायचं, श्वास कुठे घ्यायचा, बाईट, म्हणजे समोरच्याचं रेकॉर्ड केलेलं बोलणं, कुठे तोडायचा, समोरच्या म्हाताऱ्या माणसाला कसं बोलतं करायचं, हे सगळं ज्या भाषेत काम करायचं त्याच भाषेत हाताखालून जावं लागतं. वर्षभर इंग्रजीत बातमीपत्रं लिहून परत आलेल्या मुलीला मराठी वाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे बातम्या प्रसारणासाठी तयार होतात तिथे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आंतरराष्ट्रीय संस्थांमधल्या मराठी जागांची आशा असेल तर तेही तपासून पाहा. बीबीसीची मराठी सेवा २०१७ मध्ये सुरू झाली, आणि तिचं काम भारतातूनच चालतं. त्या खुर्चीकडे जाणारी वाटसुद्धा इथल्या मराठी कामातूनच जाते.

इंग्रजीत काम करायचं असेल, लांब पल्ल्याचे माहितीपट किंवा शोधपत्रकारिता करायची असेल, तर परदेशी शिक्षणाला नक्कीच अर्थ आहे. फक्त ते दोन-तीन वर्षं काम केल्यावर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती पदव्युत्तर वर्षाचा खर्च उचलते, पण ती मागायला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. वृत्तवाहिनीत दोन वर्षं काढलेल्या माणसाला हे तास आपोआप जमतात. पदवीच्या दुसऱ्याच महिन्यात ४० लाखांचं कर्ज काढणाऱ्याला ही वाटच बंद असते.

व्हिसाचेही तपशील तिला कुणी सांगितले नव्हते. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणानंतर राहून काम करण्याची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १८ महिन्यांवर येते. राहण्याच्या खर्चाचे पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. मधे एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. काकांकडून आठवड्यापुरते पैसे घेऊन दाखवण्याची घरोघरची युक्ती इथे अंगाशी येते. अमेरिकेचा विचार असेल तर प्रवेशाआधी विद्यापीठाला अभ्यासक्रमाचा सीआयपी संकेतांक, म्हणजे तो कुठल्या विषयात मोडतो हे सांगणारा आकडा, लेखी विचारावा. ०९.०४०२ हा प्रसारण पत्रकारितेचा संकेतांक. त्यावर पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. ०९.०७०२ हा डिजिटल माध्यमांचा संकेतांक मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत आहे, त्यावर आणखी २४ महिने मिळू शकतात. दोन अभ्यासक्रमांचे विषय जवळपास सारखे असूनही कागदावरच्या या एका आकड्याने दोन वर्षांचा फरक पडतो.

मग पैशाचा हिशेब. ४० लाख, व्याज साडेदहा टक्के, फेड १० वर्षांत: महिन्याचा हप्ता सुमारे ५४ हजार. आणि हा आकडासुद्धा हप्ते सुरू होईपर्यंतचं व्याज भरत गेलात तरचा. शिक्षणाचं एक वर्ष आणि पुढची एक वर्षाची सवलत या काळात व्याज थांबत नाही. पूर्ण रकमेवर दोन वर्षांचं साधं व्याज ८ लाख ४० हजार होतं; ते मुद्दलात मिळवलं तर हप्ता ६५ हजारांवर जातो. कर्ज टप्प्याटप्प्याने उचललं तर थोडं कमी, इतकंच. मराठी वृत्तवाहिनीत नवख्या मुलांच्या हातात पडणारा पगार आमच्या पाहण्यात १५ ते २५ हजारांच्या दरम्यान असतो. हे दोन आकडे आम्ही कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि कागद वडिलांपुढे सरकवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जमीन आहे की. तारण देऊ."

इथे शेतकरी कुटुंबांचा नेहमी घोटाळा होतो. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा तो सरफेसी कायदा. त्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदा लागू होत नाही, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला ती जमीन या मार्गाने ताब्यात घेता येत नाही. म्हणून बऱ्याच बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेतच नाहीत. बिनशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव मागतात. सातबारा घेऊन चार बँका फिरल्यावर लोकांना हे कळतं, तोवर अनामत भरून झालेली असते. आणि मग उरतो तो खासगी सावकार किंवा जमीन विकणं. तिच्या वडिलांनी एका व्यापाऱ्याकडे चौकशीही करून ठेवली होती, हे त्यांनी दुसऱ्या बैठकीत सांगितलं.

प्रवेश सोडून दे असं आम्ही म्हटलं नाही. अनामत भरण्याआधी विद्यापीठाला दोन ओळींचा मेल करायला सांगितला: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि त्यासाठी आत्ता पैसे भरणं आवश्यक आहे का. हा प्रश्न विचारायला काही लागत नाही, आणि मुलं तो विचारायला घाबरतात.

आता इथले पर्याय. भारतीय जनसंचार संस्था, म्हणजे आयआयएमसी, १९६५ पासून दिल्लीत आहे. तिथे रेडिओ आणि टीव्ही पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आणि तिच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूट या नावानेच ओळखला जाणारा विभाग, मुंबई विद्यापीठाचा कलिना संकुलातला विभाग, दिल्लीत जामिया मिल्लियाचं १९८२ मध्ये सुरू झालेलं जनसंवाद केंद्र, चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम. शेवटचं नाव मोठं आहे आणि तिथे टीव्हीची वेगळी शाखा आहे, पण माध्यम इंग्रजी आणि हाती येतो तो डिप्लोमा. पुण्यातली एफटीआयआय ही चित्रपट आणि टीव्हीची संस्था इथे यादीत येत नाही. तिथल्या टीव्ही विभागाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनीचे आहेत, बातमीदारीचे नाहीत. दर वर्षी कुणी ना कुणी हे न बघता तयारीला लागतं.

डिप्लोमा की एम.ए., यावर घरोघरी वाद होतात. वाहिनीत नोकरी देणाऱ्याला फरक पडत नाही. पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर पडतो, कारण नेट किंवा सेट या पात्रता परीक्षांतून प्राध्यापकपदासाठी पात्र ठरायला पदव्युत्तर पदवी लागते आणि तीही ५५ टक्क्यांनी, राखीव प्रवर्गाला ५० टक्के. डिप्लोमावर ते दार उघडत नाही.

कुठल्याही विभागात प्रवेश घेण्याआधी एकदा स्वतः जाऊन यावं, शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी. माहितीपत्रकातला चकचकीत स्टुडिओ बघू नये. तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारावं. आठवड्याला बातमीपत्र किती वेळा निघतं? ठरल्या मिनिटाला निघतं, की झालं की निघतं? किती मुलांमागे एक कॅमेरा? संकलनाची यंत्रं रात्री आठनंतर मिळतात का? निवेदकापुढे मजकूर सरकवणाऱ्या टेलिप्रॉम्प्टरवर देवनागरी नीट दिसते का? गेल्या वर्षीचं एक पूर्ण बातमीपत्र दाखवा म्हणावं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाचं उदाहरण यासाठी सांगण्यासारखं आहे: केओएमयू हे टीव्ही केंद्र विद्यापीठाच्याच मालकीचं आहे, एनबीसी या अमेरिकी वाहिनीशी संलग्न आहे, १९५३ पासून चालू आहे आणि तिथल्या न्यूजरूममध्ये विद्यार्थी काम करतात. त्यांची चूक खऱ्या प्रेक्षकांना दिसते. आपल्याकडे इतकी सोय नसली तरी, ठरल्या वेळी प्रसारणाचा लाल दिवा लागतो असा विभाग आणि वर्षातून दोनदा 'प्रात्यक्षिक' उरकणारा विभाग यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सहा वाजता बातमीपत्र म्हणजे सहा वाजता, ही सवय पुस्तकातून लागत नाही.

रेडिओ ही विशेष शाखा घेणाऱ्यांना एक सूचना. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, तेवढंच. त्यामुळे रेडिओवरची बातमी म्हणजे आकाशवाणीचे प्रादेशिक वृत्तविभाग. तिथे हंगामी वृत्तनिवेदक आणि भाषांतरकारांच्या निवडीत आवाजाइतकीच इंग्रजीतून मराठीत झटपट भाषांतर करण्याची चाचणी महत्त्वाची असते. बरीच मुलं आवाजाच्या भरवशावर जातात आणि भाषांतरात अडकतात. कृषी पदवी असणाऱ्या या मुलीला सामुदायिक रेडिओचीही आठवण करून दिली. म्हसवडचं माणदेशी तरंग, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी अशी केंद्रं बातमीपत्र काढू शकत नाहीत, पण शेतीवरचे कार्यक्रम, मुलाखती करतात. मुलाखत घ्यायचा हात तिथे बसतो.

तिची पदवी ही तिला उणीव वाटत होती. आम्हाला ते तिचं भांडवल वाटलं. न्यूजरूममध्ये राजकारणावर बोलणारे खूप असतात. करपा आणि विषाणू यांतला फरक माहीत असलेला, आडत म्हणजे काय हे विचारावं न लागणारा माणूस सापडत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीच्या मधे तिला एक काम दिलं: नारायणगावच्या टोमॅटो बाजारावर १ मिनिट ४५ सेकंदांचं पॅकेज, म्हणजे चित्र, निवेदन आणि बाईट जोडून केलेली तयार बातमी, मोबाइलवर. तिने आणलेली संहिता २४० शब्दांची होती. घड्याळ लावून वाचायला लावलं तेव्हा तिचा वेग मिनिटाला १२० शब्द निघाला, म्हणजे सेकंदाला दोन. मग गणित मांडलं. एकूण १०५ सेकंद. तीन बाईट प्रत्येकी १२ सेकंदांचे, ३६ गेले. पीटीसीला, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलायला, १५. लिलावाचा नुसता आवाज ऐकवायला ८. उरले ४६ सेकंद, म्हणजे चित्रावर वाचायच्या निवेदनासाठी ९२ शब्द. २४० मधून १४८ शब्द काढायचे होते. आधी विशेषणं गेली. मग "या ठिकाणी", "मोठ्या प्रमाणात", "पाहायला मिळत आहे" गेलं. मग जे चित्रात दिसतंच आहे ते सांगणारी वाक्यं गेली. एवढं काढूनही संहिता अर्धीच कमी झाली होती. उरलेलं काढताना तिला रडू आलं, कारण आता काय महत्त्वाचं हे ठरवावं लागत होतं.

चित्रीकरणाच्या चुका नेहमीच्याच होत्या. मोबाइल उभा धरलेला. प्रत्येक शॉट तीन-चार सेकंदांत हललेला. शॉट मनात दहा अंक मोजेपर्यंत स्थिर धरायचा असतो, नाहीतर संकलनात कापायला जागा राहत नाही. सगळे शॉट लांबून. टोमॅटोचं कॅरेट उचलणारे हात, वजनकाटा, आडतदाराची वही, ऐकणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा यातलं जवळून काहीच नाही. फोन विमान मोडवर नव्हता, त्यामुळे सगळ्यात चांगल्या बाईटच्या मधोमध रिंग वाजली. आणि माइक फोनचाच, त्यामुळे मागच्या टेम्पोचा हॉर्न शेतकऱ्याच्या आवाजापेक्षा मोठा. चित्र थोडं हललेलं चालतं, ऐकू न आलेला बाईट फुकट जातो. साधा वायरचा कॉलर माइक, हनुवटीखाली एक वीतभर अंतरावर, वाऱ्याकडे पाठ करून; आणि निघण्याआधी तीस सेकंद कुणीही न बोलता बाजाराचा नुसता आवाज वेगळा भरून घ्यायचा, म्हणजे तोडलेल्या जागी सांधा कळत नाही. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) ठेवायच्या, कारण आपल्याकडचं प्रसारण त्यावर चालतं आणि ५० हर्ट्झच्या विजेखाली ट्यूबलाइट लुकलुकण्याचा त्रास कमी होतो.

उच्चारांवर वेगळी बैठक झाली. तिच्या बोलण्यात "पानी", "कोनी" येत होतं. वृत्तनिवेदनाच्या चाचणीसाठी ण आणि न, ळ आणि ल स्वच्छ हवेत. च, ज, झ यांचे दोन्ही उच्चार जागच्या जागी हवेत. "हे जग" मधला ज आणि "तू जग" मधला ज एकसारखा आला की परीक्षकाच्या भुवया वर जातात. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन, रेकॉर्ड करून ऐकणं, यावर तीन-चार महिन्यांत फरक पडतो. पण बाजारात उभं राहून शेतकऱ्याशी बोलताना तिने गावची बोली पुसून टाकू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितलं. ती बोली ऐकून समोरचा माणूस मोकळा होतो.

वडिलांचा एक प्रश्न राहिला होता, रात्रपाळीचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येतं आणि सुरक्षितता व घरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. मुलाखतीत हे विचारणं अपमानाचं नाही. वसतिगृहाचं दार रात्री किती वाजता बंद होतं, हेही कोर्स घेण्याआधीच विचारावं; बातमीपत्राच्या रात्री त्यावरून खरी अडचण होते.

वर्षाची आखणी अशी ठरली. डिसेंबरपर्यंत इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टायपिंग, न बघता. न्यूजरूममध्ये आवाजात बोलून टंकायला कोपरा मिळत नाही. महिन्याला एक पॅकेज, म्हणजे हातात सहा येतील, त्यातली चांगली तीन ठेवायची. डिसेंबर-जानेवारीत सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे अर्ज निघतात, मार्चमध्ये परीक्षा. जनसंचार व पत्रकारितेच्या पेपरला ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १. त्यामुळे अंदाजपंचे उत्तरं देऊन भागत नाही. मराठीच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपद्धत त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचायची, मागच्या वर्षीच्या मुलांना विचारून ठरवायची नाही. खर्चाची कमाल मर्यादा वडिलांनी स्वतः सांगितली: राहण्या-जेवणासह तीन लाखांपर्यंत कर्ज. साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साडेसहा हजारांच्या आत बसतो. विद्यापीठाचंही उत्तर आलं, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल असं. ते पत्र तिने जपून ठेवलं आहे, आणि ठेवावंच.

चौथ्या वेळी ती आली तेव्हा पॅकेज घरी सगळ्यांना दाखवून आली होती. संहितेत तिने "प्रति क्रेट दर घसरला" असं लिहिलं होतं. वडील ऐकता ऐकता म्हणाले, "क्रेट कोण म्हणतं गं? कॅरेट म्हण. आणि किती किलोचं ते सांग, मुंबईतल्या माणसाला काय कळणार." तिने ते वाक्य त्याच रात्री पुन्हा भरलं: "वीस किलोच्या कॅरेटला." पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन, म्हणजे खोलीचा घुमारा येत नाही. नव्या वाक्याने दोन सेकंद वाढले, म्हणून तिने पीटीसीतलं आपलं स्वतःचं शेवटचं वाक्य कापलं. पॅकेज आता १ मिनिट ४४ सेकंदांचं आहे.